गाठीचा ताप, परळची लस आणि मुल्कोवालची बाटली

एप्रिल २०२४च्या अखेरीस लंडनहून एक बातमी आली आणि दोन दिवसांत ती आपल्या घराघरांत पोहोचली. ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीने तेथील उच्च न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत असे मान्य केले होते की, तिच्या कोविड-प्रतिबंधक लसीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी शरीरात रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट पेशी कमी होण्याचा विकार उद्भवू शकतो. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने बनवली आणि भारतात तिच्या सुमारे पावणेदोनशे कोटी मात्रा दिल्या गेल्या. त्यामुळे ज्यांच्या दंडात ही लस गेली होती अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक कुटुंबात होती. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जो तो एकमेकांना विचारू लागला: हे आपल्याला आधी का सांगितले नाही?

आम्ही वैद्यकाचे जाणकार नाही. लसीच्या गुणदोषांचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु त्या दिवसांत जी चर्चा कानी पडली, तीतील एकेक वाक्य आम्हांला सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतून उचलून आणल्यासारखे वाटले. विज्ञान नवे, बातमी नवी आणि तिच्याभोवतीचे लोकांचे भय मात्र जुने, असा हा प्रकार आहे. या भयाला नुसते अडाणीपण म्हणून मोकळे होण्याची सवय सुशिक्षितांना फार पूर्वीपासून आहे. ती किती अन्यायाची आहे, हे १८९६ ते १९०७ या अकरा वर्षांच्या हकिकतीवरून दिसून येते. या हकिकतीत आपल्या समाजातील एका वैद्याचाही वाटा आहे आणि आमच्या तरुण वाचकांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असावे.

डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ साली गोव्यातील बार्देश तालुक्यात, हडफडे या गावी झाला. वैद्यकीय व्यवसाय करीत असतानाच ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात त्यांना असे रुग्ण आढळले की, ज्यांना जोराचा ताप होता आणि जांघेत वा काखेत गाठी आल्या होत्या. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, दाट वस्तीचा, ओलसर भाग. व्हिएगस यांनी या रोगाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सांगितले.

हे सांगणे आज सोपे वाटते, तेव्हा ते तसे नव्हते. प्लेग जाहीर झाला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, कापसाचा व्यापार अडकणार, गिरण्यांना मजूर मिळेनासे होणार, हे सर्वांना दिसत होते. त्यामुळे रोगाला नुसते ‘गाठींचा ताप’ म्हणावे, प्लेग म्हणू नये, असा आग्रह अनेकांचा होता. एका गोवेकर ख्रिस्ती डॉक्टरने घबराट पसरवली असाही सूर निघाला. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत येर्सिन आणि कितासातो यांनी शोधला होता. म्हणजे हे शास्त्रही अगदी ताजे होते. पुढे तपासणीत तोच जंतू मुंबईच्या रुग्णांत सापडला आणि वाद मिटला. तोवर लोक शहर सोडून जाऊ लागले होते. १८९७च्या प्रारंभी मुंबईतील लाखो रहिवासी कोकणात, देशावर, गुजरातेत परतले होते आणि त्यांच्यासोबत रोगही गेला.

मुंबईतील आपल्या ईस्ट इंडियन आणि इतर ख्रिस्ती वस्त्यांनी या संकटाला आपल्या रीतीने तोंड दिले. वांद्र्याच्या गल्ल्यांतून फिरताना कोपऱ्याकोपऱ्यावर जे जुने क्रूस दिसतात, त्यांपैकी अनेक या प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. रोगराईपासून रक्षण व्हावे म्हणून संत सेबास्तियन आणि संत रोक यांची याचना करण्याची प्रथा युरोपातील मध्ययुगीन साथींपासून चालत आलेली. तीच येथे पुन्हा जागी झाली. त्या क्रुसांपुढे संध्याकाळी रोझरी म्हणणारी माणसे आणि सकाळी लस टोचून घेणारी माणसे यांच्यात विरोध असलाच पाहिजे, असे काही लेखक गृहीत धरतात. आम्हांला त्याचे नवल वाटते. ज्या समाजाने क्रूस उभारले, त्याच समाजात व्हिएगस वाढले होते.

सरकारने जे केले त्याची कथा अधिक कटू आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद सत्ता मिळाली. घरझडती, रुग्णाला कुटुंबापासून तोडून रुग्णालयात नेणे, नातलगांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे, रेल्वे स्थानकांवर स्त्री-पुरुषांची अंगतपासणी, हे सारे सुरू झाले. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६च्या अखेरीस, सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला चढवला होता. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, असा त्यांचा समज होता. आणि आकडे पाहिले तर तो सर्वस्वी खोटाही नव्हता, कारण बहुतेक रुग्ण शेवटच्या अवस्थेतच तेथे पोहोचत. पुण्यात रँडच्या अमलाखाली सैनिक घरात शिरले. पंडिता रमाबाईंनीही पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, हा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

अशा तापलेल्या हवेत एक नवी लस लोकांपुढे आली.

वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले यहुदी शास्त्रज्ञ. रशियातील छळाला कंटाळून ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले, तेथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि जुलै १८९२मध्ये ती प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले. बंगालमध्ये कॉलऱ्याच्या लसीचे काम करीत असताना मुंबईत प्लेग उद्भवला आणि सरकारने त्यांना ऑक्टोबर १८९६मध्ये येथे बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली. तिची कृती वाचताना एका गोष्टीची गंमत वाटते. काचेच्या चंबूत मांसाचा रस्सा आणि त्यावर तरंगणारे तुपाचे थेंब! त्या थेंबांच्या खाली प्लेगचे जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. मग ते उष्णता देऊन मारले जात आणि त्या मृत जंतूंची लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी हीही लस आधी स्वतःलाच टोचली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि घेतलेल्यांत व न घेतलेल्यांत पडलेला फरक स्पष्ट दिसला.

शहरात अफवा उठल्या. सुई हातभर लांब असते. टोचताच माणूस मरतो. पुरुषांचे पुरुषत्व जाते, स्त्रिया वांझ होतात. २०२१ साली आम्ही मोबाइलवर जे संदेश वाचले, त्यांत याहून वेगळे काही नव्हते. पण या अफवांच्या शेजारी काही साधी, खरी कारणेही उभी होती, त्यांकडे त्या काळच्या अहवालांत फारसे लक्ष दिलेले आढळत नाही. ही लस घेतल्यावर चांगलाच ताप येई आणि दंड सुजे. रोजंदारीवर जगणाऱ्या हमालाला दोन दिवसांचा ताप म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. शिवाय लस देणारे सरकार तेच, ज्याच्या शिपायांनी काल शेजाऱ्याचे घर उघडून त्याच्या म्हाताऱ्या आईला उचलून नेले होते. त्या हातातली सुई लोकांनी निःशंकपणे का स्वीकारावी?

तरीही हजारो लोकांनी ती स्वीकारली, हे विशेष आहे. तरुण आगा खान यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, एकदाच नव्हे तर अनेकदा, आणि हाफकिन यांना कामासाठी आपली वास्तूही दिली. त्यांच्या समाजातील निम्म्या लोकांनी त्यांचे अनुकरण केले. डॉ. व्हिएगस यांनी स्वतःच्या हातांनी सुमारे १८,००० लोकांना लस टोचल्याचे सांगितले जाते. ज्या वैद्याकडे माणूस वर्षानुवर्षे औषधाला जातो, त्याच्याच हातून लस घ्यायला तो तयार होतो. फौजफाटा घेऊन आलेल्या अधिकाऱ्याच्या हातून होत नाही. लसीची सक्ती सरकारने केली नाही, हे त्याचे शहाणपण. झडत्यांच्या बाबतीत ते दाखवले असते तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

१० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. ही वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील आपल्या धर्मगुरूंची. अठराव्या शतकात ती इंग्रजांनी येशूसंघीयांकडून काढून घेतली आणि पुढे तिचा राजवाडा केला. एकेकाळी जेथे प्रार्थना चाले, तेथे मग मेजवान्या झडल्या आणि शेवटी एका यहुदी शास्त्रज्ञाने तेथे लस बनवली.

आता मुल्कोवाल. पंजाबात प्लेगने थैमान घातले होते आणि १९०२ साली तेथे लसीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. काही दिवसांतच त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मृत्यू पावले. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. हे १९ जण ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ही बाटली ४१ दिवसांपूर्वी परळला भरली गेली होती.

प्रश्न सरळ होता: धनुर्वाताचे जंतू बाटलीत परळला शिरले की मुल्कोवालला? मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. दोष परळच्या प्रयोगशाळेचा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांनी लस अधिक वेगाने बनवता यावी म्हणून कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत अवलंबिली होती, यावर बोट ठेवण्यात आले. खरे तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हीच पद्धत रूढ होती. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ साली ते देश सोडून गेले. अहवाल मात्र सरकारने तत्काळ प्रसिद्ध केला नाही. तो लोकांसमोर आला १९०६च्या अखेरीस, म्हणजे घटनेनंतर चार वर्षांनी.

कागद उघड झाले तेव्हा इतर शास्त्रज्ञांनी ते तपासले आणि त्यांत दडलेली एक साक्ष त्यांच्या नजरेस आली. बाटली उघडताना मुल्कोवालच्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून शुद्ध करण्याऐवजी नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला काहीही दुर्गंध नव्हता, असे लस देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले होते. धनुर्वाताचे जंतू त्या द्रवात ४१ दिवस वाढत राहिले असते, तर घाण वास आल्यावाचून राहिला नसता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्यांची फेरतपासणी केली. मलेरियाचा डासांशी संबंध सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि जुलै १९०७मध्ये ‘द टाइम्स’मध्ये त्यांच्यासह अनेक नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

त्या काळी काहींनी या प्रकरणाला ‘छोटे ड्रेफस प्रकरण’ म्हटले. फ्रान्समधील यहुदी सैन्याधिकारी ड्रेफस याला खोट्या आरोपाखाली काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि १९०६ साली तो निर्दोष ठरला होता. त्या मूळ प्रकरणी फ्रान्समधील कॅथलिक वृत्तपत्रांपैकी बरीच, त्यांत ‘ला क्रुआ’सारखे धर्मसंघाने चालवलेले दैनिकही आले, अन्यायाच्या बाजूला उभी राहिली होती. कॅथलिक नियतकालिकात ड्रेफसचे नाव निघाले असता हे न सांगणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते.

हाफकिन सुटले, परंतु मुल्कोवालची किंमत त्यांनी एकट्यांनी दिली नाही. त्या दुर्घटनेनंतर पंजाबातील मोहीम थंडावली, आणि प्लेग तर पुढची अनेक वर्षे तेथे लाखोंचे बळी घेत राहिला. चिमट्याची हकिकत चौकशीच्या वेळीच साक्षीत आली होती. ती तेव्हाच गावोगाव स्पष्टपणे सांगितली गेली असती, तर लोकांना निदान कळले असते की एका बाटलीत एका ठिकाणी माती गेली, सर्व लस विषारी नाही. लोकांना काहीच सांगितले गेले नाही; मग त्यांनी आपापला अर्थ लावला.

कोविडच्या वेळी आपण काय केले, हे या प्रकाशात पाहावेसे वाटते. ३ जानेवारी २०२१ रोजी भारतात दोन लसींना मान्यता मिळाली. त्यांपैकी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष तेव्हा यायचे होते. त्यावर ज्या शास्त्रज्ञांनी प्रश्न विचारले त्यांना अनेकांनी देशद्रोही ठरवले. पुढे निष्कर्ष आले आणि लस उपयुक्त ठरली. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांचा प्रश्न योग्यच होता. रक्ताच्या गुठळ्यांविषयी म्हणाल, तर युरोपीय औषध संस्थेने ७ एप्रिल २०२१ रोजीच हा अतिदुर्मीळ दुष्परिणाम असल्याचे जाहीर केले होते. आपल्या केंद्र सरकारच्या समितीनेही मे २०२१मध्ये कोविशील्डच्या दर दहा लाख मात्रांमागे ०.६१ अशी प्रकरणे आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. म्हणजे २०२४ची बातमी खरे पाहता बातमी नव्हतीच! माहिती उघड होती. ती पत्रकात राहिली, माणसांपर्यंत उतरली नाही. आणि रोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या मानाने हा धोका किती लहान, हेही त्यामुळे कुणाला तोलून पाहता आले नाही. दडवणे आणि न पोहोचवणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर असेल, परंतु ज्याने दंड पुढे केला त्याला ते कळावे कसे?

या बाबतीत व्हॅटिकनने घेतलेली भूमिका आम्हांला मननीय वाटली. काही लसी बनवताना किंवा तपासताना कित्येक दशकांपूर्वीच्या गर्भपातातील पेशींपासून वाढवलेल्या पेशीमालिका वापरल्या जातात, आणि कोविशील्ड त्यांपैकी एक होती. २१ डिसेंबर २०२० रोजी धर्मसिद्धान्त मंडळाने पत्रक काढून हे उघडपणे सांगितले, लपवले नाही. दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह आहे, असा निर्णय दिला, आणि त्याच पत्रकात लसीकरण ऐच्छिक असावे असेही म्हटले. मात्र जो घेणार नाही त्याने आपल्यामुळे दुसऱ्याला रोग होऊ नये याची काळजी घ्यावी. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१मध्ये लस घेणे ही प्रेमाची कृती आहे असे सांगितले, तरी सक्तीचा शब्द त्यांनी काढला नाही. पोप लिओ बारावे यांनी देवीच्या लसीवर बंदी घातली होती, असे एक वचन आजही पुस्तकांतून फिरते. त्याचा मूळ दस्तऐवज संशोधकांना सापडलेला नाही. १८२४ साली त्यांच्या राजवटीत फक्त सक्ती सैल झाली होती. सक्ती काढणे आणि बंदी घालणे यांतला फरक लिहिणाऱ्यांनीच पुसून टाकला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी निकाल देताना, कोणाच्याही शरीरावर लसीची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आणि लसींच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसमोर ठेवण्याचा आदेश सरकारला दिला. रोनाल्ड रॉस यांनी १९०७ साली ज्यासाठी लेखणी उचलली, ते जवळजवळ हेच होते: कागद बाहेर काढा.

परळची प्रयोगशाळा मुल्कोवालनंतरही चालू राहिली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. एप्रिल २०२१मध्ये कोव्हॅक्सिन बनवण्याची परवानगी जिला मिळाली, त्या महाराष्ट्र सरकारच्या कंपनीला हाफकिन यांचेच नाव आहे. डॉ. व्हिएगस १९०६ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९३३ साली वारले. धोबी तलावाजवळ मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. हाफकिन १९०७च्या अखेरीस भारतात परतले, परंतु माणसांवर लसीचे प्रयोग करण्याची परवानगी त्यांना पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यात काही वर्षे काढून ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी पाठवलेल्या उत्तरात कोठेही तक्रार नव्हती; मुंबईच्या कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली, एवढेच त्यांनी कळवले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. आपली सर्व मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील यहुदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी ठेवली होती.